रोज बायबल वाचायचं ठरवते पण टिकत नाही, वाचलेलं लक्षातही राहत नाही, काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की दर जानेवारीत तुम्ही वर्षभराचा वाचन प्लॅन सुरू करता, पहिलं पुस्तक उत्पत्ती मस्त जातं, दुसऱ्या निर्गमचा पहिला अर्धा भागही जातो, मग तिसऱ्या, लेवीयमधे कुठंतरी गाडी अडते, चार दिवस चुकतात आणि सगळंच सुटतं. शिवाय ज्या दिवशी वाचन होतं त्या दिवशीसुद्धा दुपारपर्यंत काय वाचलं ते आठवत नाही. म्हणजे सातत्य कसं आणायचं हा एक प्रश्न आणि वाचलेलं मनात कसं उतरवायचं हा दुसरा.

मी बरीच वर्षं छोट्या ग्रुपचा बायबल स्टडी घेते आणि मला हे दोन प्रश्न वेगळे वाटतच नाहीत. ज्याला वाचताना काहीतरी सापडतं तो दुसऱ्या दिवशी आपोआप बसतो, त्याला अलार्म लागत नाही. ज्याला फक्त अध्याय संपवायचे असतात तो कितीही शिस्तीचा असला तरी दीड-दोन महिन्यांत थकतो. म्हणून तुम्ही विचारलंय त्याच्या उलट्या क्रमाने सांगते, आधी वाचायचं कसं ते आणि वेळेचं नंतर.

आधी त्या प्लॅनचं गणित बघा, म्हणजे स्वतःला दोष देणं तरी थांबेल. प्रोटेस्टंट बायबलमधे ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय (कॅथोलिक बायबलमधे ७३ पुस्तकं, म्हणजे अजून जास्त). वर्षात संपवायचं तर रोज साधारण सव्वातीन अध्याय. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० मिळून झाले ९०, म्हणजे जानेवारी संपता संपता लेवीयचा पहिला अध्याय तुमच्यासमोर येणारच. त्याच्या आधी निर्गमच्या शेवटी निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं दोनदा येऊन गेलेली असतात, आता होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, आणि हे सगळं सकाळी घाईत, अर्धवट झोपेत, कुणी काही समजावून न सांगता. इथे अडकणारी माणसं आळशी नसतात हो, तो प्लॅनच त्यांना सगळ्यात अवघड जागी सगळ्यात कमी तयारीत नेऊन सोडतो.

वर्षाच्या प्लॅनला माझा विरोध नाही. रॉबर्ट मरी मॅकशेन नावाच्या स्कॉटलंडमधल्या तरुण पाळकाने १८४२ मधे डंडीतल्या आपल्या मंडळीसाठी असा प्लॅन केला होता, रोज चार भाग, वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा. तो आजही चालतो. पण त्याने त्या प्लॅनसोबतच त्याचे धोकेही लिहून ठेवले होते हे फार कमी लोक सांगतात, की वाचन नुसता रिवाज होईल, वाचलं म्हणून माणूस स्वतःवरच खूश होईल, घाईत निष्काळजीपणे वाचलं जाईल आणि काहींना हे ओझं झेपणारच नाही. ज्याने प्लॅन बनवला त्यालाच हे दिसत होतं. माझं मत असं की वर्षात पूर्ण बायबल हे सवय बसलेल्या माणसाचं काम आहे, सवय लावायला ते वापरू नये.

मग काय वाचायचं? पान एकपासून सुरू केलंच पाहिजे असं काही नाही, पुस्तकं काही घडलेल्या क्रमाने लावलेली नाहीत, प्रेषित पौलाची मंडळ्यांना लिहिलेली पत्रं तर साधारण लांबीप्रमाणे लागलीत, सगळ्यात मोठं रोमकरांस म्हणून ते पहिलं. तुम्ही मार्कचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय, येशूची गोष्ट सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, आणि वेगाने पळतं. पहिल्या सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत सगळं वाचून काढा किंवा ऑडिओ लावून ऐका, साधारण दीड तास लागतो. त्या दिवशी नोट्स नको, काही नको, फक्त गोष्ट कुठून निघते आणि कुठे जाते ते बघायचं. त्यानंतर महिना-दीड महिना तेच पुस्तक, रोज एक प्रसंग. एक अध्याय म्हणत नाहीये मी, एक प्रसंग. कारण अध्याय मूळ लेखकांनी पाडलेलेच नाहीत, आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँगटनने केली आणि नव्या करारातले वचनांचे आकडे तर १५५१ मधे रॉबेर एस्तिएन या छापखानदाराने घातले. शोधायला सोयीचे आहेत, पण कधीकधी चुकीच्या जागी कापतात. यशयाचा ५३ वा अध्याय सगळ्यांना माहीत असतो, पण तो भाग खरा सुरू होतो ५२ च्या १३ व्या वचनापासून आणि रोजचा एक अध्याय वाचणारा माणूस ती सुरुवात आदल्या दिवशीच्या शेपटात टाकून देतो.

आता प्रत्यक्ष करून दाखवते, कारण "मनन करा" असं सगळे सांगतात आणि म्हणजे नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही. मार्क ५, वचन २१ ते ४३ उघडा. याईर आणि रक्तस्राव होणारी स्त्री. तुम्ही हे शंभरदा ऐकलं असेल. तरी पेन घेऊन फक्त एवढंच बघा की इथे काय पुन्हा येतं, काय एकमेकांविरुद्ध आहे आणि काय विचित्र आहे. अर्थ लावायचा नाही अजून.

बाईचा आजार बारा वर्षांचा. मुलगी किती वर्षांची? बारा, आणि हे मार्क अगदी शेवटी, ती उठून चालायला लागल्यावर सांगतो. म्हणजे ज्या सुमारास याईरच्या घरी पाळणा हलला त्याच सुमारास या बाईचं दुखणं सुरू झालं. याईर सभास्थानाचा अधिकारी, त्याचं नाव दिलंय, तो समोरून येतो, सगळ्यांदेखत पाया पडतो. बाईला नाव नाही, ती मागून येते, गर्दीत लपून, आणि शेवटी तीही येशूपुढे पडतेच. याईर म्हणतो माझी लहान मुलगी, आणि त्या बाईशी बोलताना येशू तिलाच "मुली" म्हणतो. आता विचित्र काय? ती तर बरी झालेली आहे, वस्त्राला हात लागला तेव्हाच. मग येशू थांबतो कशाला? इकडे एक पोरगी मरायला टेकलीये, तिचा बाप शेजारी उभा आहे, आणि हा विचारतोय मला कोण शिवलं. याईर त्या वेळात काय करत होता, मार्क एक अक्षर लिहित नाही. पुढचं वाक्य सरळ असं की येशू बोलत असतानाच घरून माणसं आली, मुलगी गेली म्हणून.

इथे थांबा. हा प्रश्न, की तो थांबला कशाला, वहीत लिहून ठेवा आणि दिवसभर सोबत घेऊन फिरा, उत्तर लगेच शोधू नका. माझ्या अनुभवाने लोकांना दुसऱ्या दिवशी परत बसायला लावतो तो असा अर्धवट राहिलेला प्रश्न.

दुसऱ्या दिवशी तोच उतारा, आणि आता अर्थ. ती बाई मागून लपून का आली? लेवीय १५ काढा, वचन २५ ते २७. असा स्राव असेल तोवर ती अशुद्ध, ती बसेल ते अशुद्ध, आणि त्याला जो हात लावेल तो संध्याकाळपर्यंत अशुद्ध. बारा वर्षं हे. आणि ती गर्दीत शिरलीये, आजूबाजूला माणसं रेटतायत. मग गणना या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायाचं ११ वं वचन बघा, प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध. आणि येशू काय करतो? त्या मेलेल्या मुलीचा हात धरतो. नियमाप्रमाणे विटाळ त्याच्याकडे जायला हवा, आणि इथे दोन्ही वेळा उलटं होतं, बाईचा स्राव थांबतो, पोरगी उठते, आणि हा म्हणतो तिला काहीतरी खायला द्या. आणि बाई बरी होऊन गुपचूप निघून गेली असती तर तिच्या गावाच्या लेखी ती अशुद्धच राहिली असती ना? तिला सगळ्यांसमोर बोलतं करण्यात काहीतरी होतं. आता मला सांगा, ज्या लेवीयमधे तुम्ही दरवर्षी अडकता तेच पुस्तक आत्ता कंटाळवाणं वाटलं का? लेवीय असं वाचायचं, गरज पडली की शुभवर्तमानातून मागे जाऊन, दोन-तीन वचनं, हातात प्रश्न घेऊन. असं आठ-दहा वेळा जाऊन आलात की एक दिवस सलग वाचायला घ्या, तेव्हा ते ओळखीचं झालेलं असेल.

तर क्रम असा, आधी दिसतं काय, मग त्याचा अर्थ काय, आणि शेवटी माझं काय. बहुतेक लोक थेट तिसऱ्यावर उडी मारतात, आजचं माझ्यासाठी वचन काय. यिर्मया २९:११ चं हेच झालंय, तुमच्यासाठी माझे संकल्प हिताचे आहेत, भविष्य आणि आशा वगैरे, वाढदिवसाच्या कार्डावर, मोबाईलच्या वॉलपेपरवर. त्याच्या आधीचं एक वचन वाचा. बाबेलात ७० वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन असं तिथे लिहिलंय. हे पाडाव करून नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे, त्यातले जे मोठे होते ते परत जाणं बघायला जगणारही नव्हते, आणि त्यांना सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा नेमकं लोकांना आवडेल असं बोललेला आहे, दोन वर्षांत सगळं सुटेल म्हणून, आणि तो खोटा ठरला. हे कळल्यावर ते वचन आधीपेक्षा मोठं होतं, फक्त परीक्षेचा रिझल्ट चांगला लागेल असं ते राहत नाही.

"माझं काय" मधे एकच गोष्ट घ्या आणि ती लहान ठेवा. याईरच्या उताऱ्यावरून मी अधिक विश्वासू होईन असं लिहू नका, त्याला काही अर्थ नाही. त्याऐवजी मी सध्या कुठल्या बाबतीत याईरसारखी उभी आहे, उशीर होतोय आणि दुसऱ्याचं काम आधी होतंय, ते नाव घेऊन देवाला सांगा. झाली प्रार्थना. वाचन आणि प्रार्थना असे दोन कप्पे करायची गरजच पडत नाही मग. आणि काही दिवस काहीच लागू होत नाही, सरळ पुस्तक मिटायचं आणि कामाला लागायचं. ओढूनताणून काढलेलं ॲप्लिकेशन संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

लक्षात राहत नाही म्हणालात, त्यावर सोपा उपाय आहे पण थोडा त्रासाचा. वाचून झालं की बायबल बंद करा आणि उतारा स्वतःच्या शब्दांत सांगा, मोठ्याने किंवा वहीत. अडाल, दोन गोष्टी विसराल, मग उघडून बघा. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मधे विद्यार्थ्यांवर हा प्रयोग प्रसिद्ध केला होता, उतारा परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं पण आठवड्याने चित्र उलटं झालं, ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं त्यांच्या जास्त लक्षात राहिलं. हायलाइटरने हे होत नाही. पानंच्या पानं पिवळी केलेली बायबलं मी खूप बघितलीत, दिसतात छान.

वहीत तीन ओळी पुरतात, काय दिसलं, एक प्रश्न आणि देवाला एक वाक्य. जास्त लिहायचा नेम केलात तर वहीमुळेच वाचन सुटेल. टीकाग्रंथ (बायबल समजावून सांगणारी पुस्तकं), स्टडी बायबलच्या तळटीपा, यूट्यूबवरचे संदेश हे सगळं तुमचं बघून झाल्यावर. क्रॉस रेफरन्स, म्हणजे पानावर दिलेले संबंधित वचनांचे संदर्भ, मात्र पहिल्या दिवसापासून वापरा, मार्क १५:३४ वरून स्तोत्र २२ ला जाऊन ते पूर्ण वाचलं की वधस्तंभाचा प्रसंग वेगळाच दिसायला लागतो. आणि तासभर संदेश ऐकणं चांगलंच आहे, पण ते दुसऱ्याने केलेलं वाचन आहे, तुमच्या वाचनात मोजू नका.

आता वेळेबद्दल. पहाटेच उठलं पाहिजे असं मंडळीत फार सांगतात आणि मार्क १:३५ दाखवतात, येशू पहाटे उठून एकांतात गेला. बरोबर आहे, पण स्तोत्र १ रात्रंदिवस मनन म्हणतं आणि दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत होता. रात्रपाळी करणाऱ्याने किंवा तान्ह्या बाळाच्या आईने पहाटेचा नियम स्वतःवर लादून घेऊ नये. वेळेपेक्षा रोज नक्की होणारी एखादी गोष्ट पकडा आणि त्याला हे जोडा, चहा ओतला की वही उघडायची, बाळ झोपलं की ऑडिओ लावायचा, अशा पद्धतीने. "अमुक झालं की तमुक करीन" असं आधीच ठरवलेलं जास्त पाळलं जातं, याच्यावर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं बरंच काम आहे. ऑडिओ ऐकणं कमी दर्जाचं समजू नका, छापखाना यायच्या आधी सामान्य विश्वासी शास्त्र ऐकतच होते, बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या सुरुवातीलाच वाचून दाखवणारा आणि ऐकणारे दोघांनाही धन्य म्हटलंय.

मोबाईलवर वाचत असाल तर विमान मोड, नाहीतर सरळ कागदी बायबल. यावर अजून बोलण्यासारखं काही नाही.

आणि २१ दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांना १२ आठवडे बघितलं, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, पण माणसामाणसात १८ पासून २५४ पर्यंत फरक (१२ आठवड्यांपुढचे आकडे हिशोबाने काढलेला अंदाज). त्यातलीच दुसरी गोष्ट तुमच्या जास्त कामाची आहे, एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. बिघडतं ते नंतर, जेव्हा आपण चुकलेले चार दिवस भरून काढायला बसतो आणि एका सकाळी तेरा अध्याय समोर दिसतात. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते की प्लॅनवरच्या तारखा खोडून टाका, नुसते आकडे ठेवा. चुकलं तर चुकलं, आज पुढचा आकडा. नव्या कराराचे अध्याय आहेत २६०, म्हणजे आठवड्याला पाच असे ५२ आठवडे, दर आठवड्याला दोन दिवस मोकळे धरून वर्षात आरामात होतो. ॲपमधे ती स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस झाले तो आकडा, दाखवतात ना, ती बंद करता येत असेल तर करा. तुम्ही रोज ॲप उघडावं यात ॲपवाल्याचा फायदा आहे, आणि स्ट्रीक तुटली की माणूस उगाच समजतो देवाशी काहीतरी तुटलं.

कोरडे दिवस येतील, आठवडेही येतील. तेव्हा पुस्तक तसंच ठेवून स्तोत्रांकडे जा. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थना पुस्तकात १५० स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांत वाटलेली आहेत, सकाळी थोडी, संध्याकाळी थोडी, पण तुम्हाला रोज एक पुरे, आणि ११९ वं आलं तर त्याचे आठ-आठ वचनांचे २२ तुकडे करा, एका दमात १७६ वचनं कुणी सांगितलीत. आनंदी स्तोत्रंच शोधायची असंही नाही. ८८ वं वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी ना स्तुती ना आशेचं वळण. ते शास्त्रात आहे म्हणजे तसं वाटत असताना देवासमोर बसायला परवानगी आहे, असं मी तरी समजते.

शेवटचं, हे एकट्याने करू नका. प्रेषितांची कृत्ये ८ मधे तो इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया वाचत होता, फिलिप्पाने विचारलं समजतंय का, तर तो म्हणाला कुणी दाखवल्याशिवाय कसं समजणार. एवढा मोठा खजिनदार माणूस, पण विचारायला लाजला नाही. तुम्ही एक माणूस शोधा, पाळकच पाहिजे असं नाही, तोही मार्क वाचत असला की बास. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं फोन. किती वाचलं हे एकमेकांना विचारायचं नाही, तो हिशोब झाला की माणसं फोन टाळायला लागतात. एवढंच विचारायचं की या आठवड्यात तुला कुठला प्रश्न पडला. दोघांनाही सुचलं नाही तर तो वहीच्या शेवटच्या पानावर उतरवा, आणि पान भरलं की पाळकांकडे घेऊन जा, चांगल्या पाळकाला अशी वही घेऊन आलेलं माणूस फार आवडतं. तिथे मिळालेलं उत्तरही घरी येऊन तपासा, बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्र उघडून पडताळून पाहिलं होतं आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकने त्यासाठी त्यांचं कौतुकच केलंय. मार्क झालं की पौलाचं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घ्या, २५ वचनं आहेत, एका फोनमधे दोघांनी मिळून पूर्ण वाचून होतं.